सातातले तीन

जालिंदर पिकअपच्या टपावरून पडला तेव्हा हसत होता. पुढं दवाखान्यात ज्यानं त्यानं विचारलं, "कशानं पडलात हो?" आणि तो प्रत्येकाला एकच सांगायचा, "शेळीनं पाडलं."

गोष्ट खरी होती. शेवंतीचे क्रेट गाडीत रचून झाले होते. जालिंदर वर उभा राहून ताडपत्रीची दोरी आवळत होता आणि शेजारच्या साळूबाईची शेळी मागच्या फाळक्यावर पुढचे पाय टेकवून निवांत फुलं खात होती. साळूबाई काठी घेऊन धावली तशी शेळीनं तोंडभर फुलं घेऊन धूम ठोकली. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी पिवळी फुलं लोंबत होती, नवरीच्या मुंडावळ्यांसारखी. जालिंदरला इतकं हसू फुटलं की हातातली दोरी सुटली आणि दोरीबरोबर तोही खाली आला.

खाली पडल्यावरही क्षणभर तो हसतच होता म्हणे. मग उठायला गेला, तर उजवा पाय भलतीकडंच वळलेला.

वरवंड आणि पाटसच्या मधे, हायवेपासून थोडी आत त्याची वस्ती. कारखान्याचा हंगाम सुरू होता. उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत गाडी दौंडला पोचेपर्यंत त्यानं दातावर दात घट्ट धरले होते आणि त्याची बायको गिताबाई ड्रायव्हरला "हळू रं बाबा, हळू" म्हणत होती. हाडांच्या दवाखान्यात फोटो काढला. मांडीचं हाड मधोमध मोडलं होतं.

"रॉड टाकावा लागेल. उद्या सकाळी करू," डॉक्टर म्हणाले. पायाला वजन बांधलं, पलंग लावला आणि शितल सिस्टर इंजेक्शन भरून आली.

"हात द्या. दुखायचं थांबेल आता."

"नाव काय त्याचं?" जालिंदरनं विचारलं.

"ट्रामाडॉल."

त्यानं हात छातीशी ओढून घेतला. "हे नगं. ह्या जातीचं कंचंच नगं मला."

"अहो, मांडी मोडलीय तुमची!"

"मोडू द्या. साधं दुसरं काय आसंल ते द्या."

सिस्टरनं गिताबाईकडं पाहिलं. गिताबाईनं पदराच्या टोकानं नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि खाली मान घालून म्हणाली, "ते बरुबर बोलत्यात. साधंच द्या."

सिस्टरनं पॅरासिटामॉलची बाटली लावली. मोडलेल्या मांडीला ती म्हणजे वणव्यावर तांब्याभर पाणी.

जालिंदर पूर्वी ट्रकवर होता. सोलापूर, इंदूर, तिकडून पार वर पंजाबपर्यंत. तिकडच्या ढाब्यांवर अफूच्या बोंडांचा चहा मिळायचा. झोप उडते, कंबर दुखत नाही, म्हणून आधी एक कप. पुढं त्याशिवाय गाडीचं चाक फिरेना. मग कुणीतरी सुई दाखवली. गिताबाईनं ती वर्षं कशी काढली ते तिलाच ठाऊक. शेवटी तिनंच त्याला पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं. तिथं ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची औषधं ओळखायला शिकला, बरा होऊन आला खरा, पण घराच्या ओट्यावर बसलं की समोर हायवे. प्रत्येक ट्रकचा हॉर्न त्याला हाक मारायचा.

तेव्हा गेणबा आला. गेणबा म्हणजे वस्तीच्या पलीकडच्या माळावरचा म्हातारा धनगर. तेव्हा अजून त्याची मेंढरं होती. तो ओट्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "मला एक गडी पायजे. चल." दिवाळी करून दोघं मेंढरांमागं निघाले ते घाट उतरून कोकणात गेले आणि आखाडाच्या तोंडावर परत आले. जालिंदर काळा पडला होता, वाळला होता, पण डोळे स्वच्छ झाले होते. त्यानंतर त्यानं ट्रकला हात लावला नाही. फुलांची शेती धरली. लेकीचं लग्न केलं. गेणबानंही म्हातारपणी मेंढरं विकली, पण वस्तीवर अजून कुणी विचारलं तर तो सांगायचा, "मी लई मेंढरं राखली. पर त्यातलं एक सगळ्यात वांड व्हतं, ते बगा तिकडं शेवंती तोडतंय."

हे सगळं मागं ठेवून जालिंदर त्या दिवशी पलंगावर पडला होता आणि पलंगाची कड दोन्ही हातांनी आवळत होता.

दिवस मावळायच्या आत भुलीच्या डॉक्टर आल्या. डॉ. प्रगती राहायला शिरूरला, पण न्हावऱ्यापासून दौंडपर्यंत चार-पाच दवाखान्यांत त्यांची भूल चाले. गाडीत कायम एक पाण्याची बाटली, एक चपलेचा जादा जोड आणि शेंगदाण्याची पुडी. आल्या आल्या त्यांनी जालिंदरची नाडी पाहिली आणि भुवया वर केल्या.

"एवढं दुखतंय आणि इंजेक्शन नको म्हणालात? का बरं?"

जालिंदरनं एक दम घेतला. "म्याडम, आदीच सांगतो. मी अफूचा मानूस हाय."

"व्हता," गिताबाई म्हणाली.

"हाय," जालिंदर म्हणाला. "व्हता म्हनलं की मानूस गाफील ऱ्हातो."

डॉक्टरांनी हातातली फाईल पायथ्याशी ठेवली, स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. रागावल्या नाहीत, हळहळल्याही नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं सांगितलंत! लोक हे लपवतात आणि मग टेबलावर माझी धांदल उडते. आता सगळं सांगा. काय घेत होतात, कसं, शेवटचं कधी?"

त्यानं सगळं सांगितलं. त्यातलं काही गिताबाई पहिल्यांदाच ऐकत होती. ती मधेच उठून त्याच्या पायावरचं पांघरूण नीट करून आली.

"हे बघा, जालिंदरभाऊ," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात तर मी देणार नाही. पण मला काय वाटतं ते ऐका. उद्या तुम्हाला कुशीवर वळवून पाठीत सुई द्यायची आहे. त्याआधी जांघेत एक इंजेक्शन देऊन पायाची नसच बधिर करते. त्यानं पुष्कळ दुखणं जाईल, पण सगळं नाही. वळवताना जे उरेल त्याला फेंटानिल लागतं. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस मॉर्फिन लागेल. हो, तीच जात. खोटं कशाला सांगू?"

जालिंदरनं डोळे मिटले.

"नुसतं सोसलंत तर नाडी पळते, बीपी चढतं. मोठा श्वास घेववत नाही, छातीत कफ धरतो. आणि अजून एक विचारते. जुनी ओढ कधी जागी होते? सुखात का त्रासात?"

"तरासात," उत्तर गिताबाईनं दिलं. "तवा बी कंबर दुखत्याय म्हनूनच चालू झालं व्हतं ह्येंचं."

"मग त्रास ठेवायचाच कशाला?" डॉक्टर म्हणाल्या. "दुसरं असं, पूर्वी जेवढं घेत होतात तेवढं आज कुणी दिलं तर तुमचा श्वास बंद पडेल. शरीर ते विसरलंय. म्हणून मी अगदी नव्या माणसासारखं थोडं थोडं देणार, दर वेळी श्वास बघणार, आणि ऑपरेशन होईपर्यंत जागची हलणार नाही."

जालिंदरनं पलंगाची कड सोडली आणि म्हणाला, "माझ्या हातात काय यायचं न्हाई. बाटली न्हाई, गोळी न्हाई."

"नाही येणार. ती औषधं कुलपात असतात. दोन सिस्टरनी मिळून काढायची, उरलेलं दोघींसमोर टाकून द्यायचं."

"घरी जाताना चिठ्ठीवर त्या जातीचं काय लिवायचं न्हाई."

"नाही लिहिणार."

"आन् हिला समदं सांगायचं. कवा दिलं, किती दिलं."

"सांगेन. आणखी?"

"आनखी..." तो घुटमळला. "सकाळी आबा येतील. गेणबा आबा. त्यांना कोन सांगनार?"

"मी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना काय माहीत, कुणाशी गाठ आहे!

गेणबा सकाळी एसटीनं आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. त्यानं आधी जालिंदरचा पाय पाहिला, मग तोंड पाहिलं, मग गिताबाईकडून सगळं ऐकून घेतलं आणि थेट ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन उभा राहिला. सरकवायच्या दाराच्या बरोबर मधोमध. वॉर्डबॉय म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा." गेणबा ढिम्म.

डॉ. प्रगती हिरवी टोपी घालून बाहेर आल्या.

"डाक्टरीनबाई," गेणबा म्हणाला, "मी ह्याला कोकनापातुर चालवला. रातध्याड थरथरायचा, वकायचा, मला शिव्या द्यायचा. तवा कुठं ह्याचं इख उतारलं. आन् तुमी त्येच पुन्ना द्येनार?"

"हो, आबा. देणार."

म्हातारा या उत्तराला तयार नव्हता. त्याला वाटलं होतं, बाई गोड बोलून टाळतील. त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"किती?"

"मिठाच्या खड्याएवढं. त्यांनी तेव्हा घेतलं ते नशेसाठी. मी देणार ते मोडलेल्या हाडाला. आणि जास्त झालंच तर त्याचा उतारा भरून माझ्या ताटात तयार ठेवलाय. नालोक्झोन म्हणतात. आत येऊन बघता?"

"उतारा हाय?"

"आहे. तो हाताशी असल्याशिवाय मी हे औषध देतच नाही."

गेणबा विचारात पडला. घोंगडीची घडी उगीच एकदा उलगडून त्यानं पुन्हा खांद्यावर टाकली. "आमी मेंढराचा मोडका पाय बांदतो," तो हळू आवाजात म्हणाला, "तवा एकजन पाय धरतो आन् एकजन नुसता डोकं धरतो. डोकं धरनारा लई भरवशाचा लागतो. त्यानं सोडलं की मेंढरू आपटून मरतं. ह्याचं डोकं कोन धरनार?"

"मी," डॉक्टर म्हणाल्या. "पाय हाडांचे डॉक्टर धरतील. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत डोक्याशीच असते, आबा. तोच माझा धंदा."

गेणबानं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. बाई ठेंगण्या, मनगटं बारीक.

"सोडनार न्हाई?"

"नाही सोडणार."

म्हातारा बाजूला झाला. "मग न्या," वॉर्डबॉयला म्हणाला, "आन् हळू न्या रं, धडका मारू नगा."

थिएटरमध्ये गार होतं. जालिंदरच्या बोटाला चिमटा लावला, छातीला पट्ट्या चिकटवल्या, आणि यंत्रावर त्याच्या नाडीचा टिक टिक आवाज सुरू झाला. आवाज भराभर येत होता. जांघेतलं इंजेक्शन झालं. हळूहळू मांडीतली आग विझत गेली, पण आत खोल कुठंतरी निखारा होताच.

"आता मी शिरेतून थोडंसं देतेय," डोक्याशी उभ्या डॉक्टर म्हणाल्या. "काय वाटतं ते मला सांगत राहायचं. लपवायचं नाही."

थोडा वेळ काहीच नाही. मग मानेमागून एक ऊब आली. इतक्या वर्षांनी आली तरी तिनं रस्ता विचारला नाही. जालिंदर घाबरला. यंत्राचा आवाज पळायला लागला.

"आली, म्याडम."

"कोण?"

"तीच."

डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही गालांवर हात ठेवले. तळवे गार होते. "ओळखीची आहे ना? मग भ्यायचं कशाला? मी तिला एवढीशीच आत घेतलीय, आणि दार माझ्या हातात आहे. तिचं काम करील आणि जाईल. श्वास घ्या. मोठा. अजून एक."

त्यानं श्वास घेतला. त्यांनी मोजला. वरून खाली पाहताना त्यांचा चेहरा उलटा दिसत होता, हनुवटी वर आणि डोळे खाली, आणि जालिंदरला उगीचच हसू आलं.

"काय झालं?"

"तुमी उलट्या दिसताय."

"तुम्हीही मला उलटेच दिसताय. वळवू का आता कुशीवर?"

वळवलं. दुखलं, पण लांबून दुखलं, शेजारच्या वस्तीवर भांडण चालल्यासारखं. पाठीत सुई गेली, कंबरेखालचं सगळं जड झालं आणि नाहीसं झालं. मग हाडांच्या डॉक्टरांनी काम सुरू केलं. मधे हिरवा पडदा. डॉ. प्रगती त्याला बोलतं ठेवत होत्या. शेवंतीला पाणी किती लागतं, करपा कधी पडतो, पांढरीला भाव जास्त का पिवळीला. तो सांगत होता, मधेच डुलकी घेत होता, त्या लगेच "श्वास घ्या, भाऊ" म्हणत होत्या. पडद्यापलीकडं ठोकल्याचा आवाज यायला लागला.

"कोन खुटी ठोकतंय?" जालिंदरनं विचारलं.

"मीच," पलीकडून डॉक्टर म्हणाले. "तुमच्याच पायात."

"ठोका, ठोका. पर सरळ ठोका. वाकडी बसली तर फुलाच्या बांधावर चालता यायचं न्हाई."

थिएटरमध्ये सगळे हसले. त्या हसण्यात जालिंदरच्या ध्यानात आलं की मानेमागची ऊब कधीच गेली होती. आली तशी गेली. त्यानं तिला धरायला हात पुढं केला नव्हता.

संध्याकाळी जांघेतलं औषध उतरायला लागलं आणि दुखणं परत आलं. सिस्टर शितल दर थोड्या वेळानं यायची.

"शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती दुखतंय?"

"दोन."

कोपऱ्यातल्या बाकावरून गेणबा खेकसला, "खोटं बोलतंय! दोन म्हनं. दातांचा आवाज मला हितवर यायलाय."

जालिंदर ओशाळला. "आठ आसंल."

सिस्टरनं त्याचा श्वास मोजला, बोटाचा चिमटा पाहिला, दुसऱ्या सिस्टरला बोलावून कुलपातलं औषध काढलं आणि अगदी हळू दिलं. देऊन उभी राहिली. पुन्हा श्वास मोजला. गिताबाईला म्हणाली, "मॉर्फिन दिलंय, दोन मिलिग्रॅम. लागलं तर अजून देईन, पण बघून." जालिंदरचे खांदे खाली आले. त्यानं मोठा श्वास घेऊन खोकून दाखवला, कारण डॉक्टरांनी खोकायला सांगितलं होतं, आणि मग जो झोपला तो उजाडल्यावरच उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळ छान गेली. व्यायामवाल्या ताईंनी त्याला पलंगाच्या कडेला बसवलं. गिताबाईनं घरून आलेली भाकरी दुधात कुस्करून दिली. वस्तीवरून साळूबाईचा फोन आला. शेळीला तिनं सकाळपासून दाव्याला बांधून ठेवलं होतं आणि शेळी उपाशी ओरडत होती. "सोड तिला," जालिंदर फोनवर म्हणाला, "तिची काय चूक?"

दुपारी गेणबा बाकावर पेंगत होता, गिताबाई कपडे पिळायला गेली होती. सिस्टर आली.

"किती दुखतंय?"

"सात," जालिंदर म्हणाला.

तिनं श्वास, नाडी बघितली आणि थोडंसं दिलं. ती गेल्यावर जालिंदर पडून राहिला. ऊब आली. पण आज त्यानं तिची वाट पाहिली होती, हे त्याला कळलं. ऊब विरली तरी ती बोचणी गेली नाही. गिताबाई आली, तिनं खिडकीच्या गजावर धुणं वाळत घातलं, संत्रं सोललं. त्यानं फोड घेतली नाही.

"काय झालं?"

"म्याडमना बोलाव."

"दुखतंय का?"

"न्हाई. म्हनूनच बोलाव."

डॉ. प्रगती दुसऱ्या केसची तयारी करत होत्या. टोपी तशीच डोक्याला, त्या आल्या. जालिंदर त्यांच्याकडं न बघता पांघरुणाच्या दशीशी चाळा करत होता. गेणबा जागा झाला होता, पण डोळे मिटूनच ऐकत होता.

"म्याडम, मगाशी मी सात सांगितलं."

"हो, सिस्टर म्हणाली."

"पाय चारच दुखत व्हता."

गिताबाईच्या हातातली फोड तशीच राहिली.

"मग वरचे तीन कुणाचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"जुन्या जालिंदरचे."

डॉक्टर स्टुलावर टेकल्या. त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, ते त्यांना आवरेना. "जालिंदरभाऊ," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी भूल देतेय. दुखतंय तेवढंच नेमकं सांगणारी माणसं थोडी. न दुखणारं वेगळं काढून दाखवणारा तुमच्याआधी कुणी भेटला नव्हता."

"रागावला न्हाई व्हय?"

"रागावू कशाला? मीही विचारायला पाहिजे होतं, नुसत्या आकड्यावर गेले. आता असं करू. त्या नसेला पुन्हा एकदा बधिर करते, साधं औषध वेळेवर चालू ठेवते. मॉर्फिन आजपासून बंद. चारला एवढं पुरतं. खरंच सात झालं तर मला सांगायचं, मी येऊन बघेन. आणि जुना जालिंदर परत आला तर त्याला सांगायचं, दुकान बंद झालंय."

"कायमचं?"

"ह्या दवाखान्यातलं तरी."

तेवढ्यात कोपऱ्यातून गेणबाचा आवाज आला. डोळे अजून मिटलेलेच. "त्याला म्हनावं, आबा दारात बसल्यात."

पहिल्यांदा गिताबाई हसली. मग डॉक्टर. मग जालिंदर, आणि हसताना पाय हलला म्हणून "आई गं!" करून पुन्हा हसला. गिताबाईनं डोळे पुसले आणि संत्र्याची फोड त्याच्या तोंडात कोंबली, चांगली दोन-दोन एकदम.

नसेच्या औषधानं पाय निवला. रात्री साध्या गोळीवर झोप लागली. पुढं दुखणं दर दिवशी उतरत गेलं, आणि जालिंदर आता आकडा सांगताना आधी डोळे मिटून पायाला विचारायचा. "तीन. आन् समदे पायाचेच हायत," म्हणायचा. शितल सिस्टरला ते इतकं आवडलं की ती शेजारच्या पेशंटनाही विचारायला लागली, "सगळे पायाचेच ना?"

एक अडचण मात्र उरली होती. त्या औषधानं पोट बांधून गेलं होतं, संडास होत नव्हती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रोज पातळ औषधही दिलं होतं, पण पोट काही दाद देईना. रोज सकाळी गेणबा मोठ्यानं विचारायचा, "झाली का रं?" आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जायचं. जालिंदर लाजून पांघरूण डोक्यावर ओढायचा. शेवटी एका सकाळी गिताबाई लगबगीनं बाहेर आली आणि बाकावरच्या म्हाताऱ्याला नुसती मान हलवून दाखवली. गेणबा उठला, खाली गेला, आणि पेढ्याचा पुडा घेऊन आला. वॉर्डात प्रत्येक पलंगापाशी थांबून त्यानं पेढा दिला. "कशाचं हो?" कुणी विचारलं की सांगायचा, "खुशखबर हाय," आणि पुढं सरकायचा. दोघातिघांनी जालिंदरला नातू झाला म्हणून अभिनंदन केलं. त्यानंही मान डोलावून घेतलं.

घरी जायच्या दिवशी डॉ. प्रगती शिरूरला निघता निघता वर आल्या. चिठ्ठीवर त्या जातीचं काही नव्हतं, ते त्यांनी गिताबाईला बोट ठेवून दाखवलं. "पुढं कधीही, कुठल्याही दवाखान्यात, माझ्याशी बोललात तसंच पहिल्यांदा बोलायचं," जालिंदरला म्हणाल्या. "लाजायचं नाही."

"पुढं कवाच नगं, म्याडम," जालिंदर हात जोडून म्हणाला. "पर सांगीन."

व्यायामवाल्या ताईंनी वॉकर आणला. जालिंदर उभा राहिला. वॉकर पुढं, मग मोडका पाय, मग धड पाय. खोलीच्या दारापर्यंत गेला. दारात थांबायचं ठरलं होतं, पण तो व्हरांड्यात निघाला. गिताबाई प्लास्टिकची खुर्ची उचलून त्याच्या मागं मागं चालली, बसला तर बसायला. तो काही बसेना. व्हरांड्याच्या टोकाला ऊन आलं होतं, तिथवर गेला. खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्यावर मोठ्यानं गाणं लागलं होतं आणि मागच्या ट्रॉलीतली उसाची कांडी पळवायला दोन पोरं धावत होती.

"बसा की आता," गिताबाई म्हणाली.

"थांब गं. लई दिसांनी उभा हाय."

मग तीच त्या खुर्चीवर बसली.

इकडं खोलीत गेणबाला पलंग रिकामा दिसला. इतके दिवस बाकावर काढल्यानं त्याची पाठ आखडली होती. जरा टेकावं म्हणून तो टेकला, आणि टेकल्या टेकल्या घोरायला लागला. त्याच वेळी पाळी बदलली. नवी सिस्टर यंत्र घेऊन आली. तिनं पलंगावरच्या म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला आणि खूश झाली.

"बाबा, बीपी एकदम मस्त आहे तुमचं. ऑपरेशन झालंय असं वाटतच नाही!"

गेणबानं एक डोळा उघडला. "वाटंल कसं?" तो म्हणाला. "दंड सोड बाई आता, आन् च्या सांग एक. साखर जास्तीची."